शून्य जकातीचा हिशेब : व्यापारी गट सोडला की ग्राहकाचं आणि जुन्या धंद्यांचं काय होतं?

  आजचा विषय ब्रिटनचा आहे, पण सुरुवात आपण आपल्या हापूसपासून करू.

२०१४ सालच्या १ मेपासून युरोपीय महासंघाने भारतीय आंब्याच्या आयातीवर बंदी घातली. आंब्याबरोबर वांगी, कारली, पडवळ आणि अळूही अडकलं. आदल्या वर्षी भारतातून गेलेल्या फळं-भाज्यांच्या दोनशेहून अधिक खेपांमध्ये फळमाशी आणि इतर किडी सापडल्या होत्या, हे त्याचं कारण. ऐन हंगामात ही बंदी आली. कोकणातल्या बागायतदारांची पंचाईत झालीच, पण लंडन आणि लेस्टरमधल्या भारतीय दुकानदारांचीही झाली. त्यांनी आपल्या खासदारांना गाठलं, खासदारांनी सरकारला गाठलं. आणि ब्रिटिश सरकारला सांगावं लागलं की हा निर्णय आम्ही एकट्याने फिरवू शकत नाही, तो ब्रुसेल्सला होतो.

आता कुणीही विचारेल, ब्रिटनमध्ये आंब्याच्या बागा कुठे आहेत? लंडनच्या थंडीत ती माशी किती दिवस जगणार? प्रश्न बरोबर आहे. पण लंडनला उतरलेली पेटी पुढे कुठेही न अडता स्पेनला जाऊ शकत होती, आणि स्पेनमध्ये मोठ्या फळबागा आहेत. दार एकदा ओलांडलं की आत कुठेच पहारा नाही, म्हणून पहिल्या दारावरचा नियम सगळ्यांसाठी एकच. आपल्याकडे निर्यातीआधीची तपासणी आणि प्रक्रिया सुधारली, मग जानेवारी २०१५ मध्ये आंब्यावरची बंदी उठली.

व्यापारी गट म्हणजे काय, हे या एका पेटीत सगळं आलं. आपल्या हातातला निर्णय दुसऱ्याकडे जातो आणि बदल्यात आतल्या सगळ्या वाटा मोकळ्या होतात. ब्रिटनने पुढे हाच सौदा मोडला. मोडल्यावर भाजी घेणाऱ्या माणसाचं काय झालं, आणि मासेमारी, मेंढीपालन असल्या पिढीजात धंद्यांचं काय झालं, ते आज पाहू.

नाका म्हणजे नुसती जकात नव्हे

मुंबईत राहिलेल्यांना मुलुंडचा, दहिसरचा जकात नाका आठवत असेल. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि मुंबईची जकात गेली. त्याआधी तिथे ट्रकांची रांग लागायची. त्या रांगेत उभ्या असलेल्या ड्रायव्हरला विचारलं असतं की तुझा त्रास कोणता, तर त्याने जकातीचा दर सांगितला नसता. तो शेठ भरणार होता. ड्रायव्हरचा त्रास म्हणजे रांग, कागद, शिक्का, माल उतरवून दाखवणं आणि गेलेली रात्र.

देशादेशांमधला व्यापारही असाच चालतो. त्यात तीन पायऱ्या असतात. पहिली, मुक्त व्यापार करार: आपण एकमेकांच्या मालावर शुल्क लावायचं नाही. दुसरी, सीमाशुल्क संघ: बाहेरच्या मालावर आपण सगळे एकच शुल्क लावायचं, म्हणजे आत फिरताना हा माल मुळात कुठला हे विचारायची गरज उरत नाही. तिसरी, एकच बाजारपेठ: अन्नाची शुद्धता, औषधांची चाचणी, खेळण्यांची सुरक्षितता यांचे नियम एकच, म्हणून एका ठिकाणी पास झालेला माल सगळीकडे पास. शिवाय माणसंही कामासाठी कुठेही जाऊ शकतात.

पहिली पायरी शुल्क काढते. कागद निघतात ते दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीवर. आजच्या व्याख्यानातली एवढी एकच गोष्ट लक्षात राहिली तरी पुरे, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

ब्रिटन १ जानेवारी १९७३ ला युरोपच्या गटात शिरलं. २३ जून २०१६ च्या सार्वमतात ५१.९ टक्के मतं बाहेर पडण्याच्या बाजूने पडली. ३१ जानेवारी २०२० ला ब्रिटन कायद्याने बाहेर पडलं आणि त्या वर्षाच्या अखेरीपर्यंत जुनेच नियम चालू राहिले. २०२० च्या नाताळच्या आदल्या दिवशी करार जमला: दोन्ही बाजूंनी शून्य शुल्क, शून्य कोटा. वर्तमानपत्रांत ‘शून्य’ हा शब्द मोठ्या अक्षरांत आला. म्हणजे ब्रिटन तिसऱ्या पायरीवरून पहिल्या पायरीवर उतरलं. जकात शून्य राहिली, पण नाका पुन्हा उभा राहिला.

ग्राहक : महागाई हळूच येते

ग्राहकाला पहिला फटका बसला तो बाहेर पडण्याच्या साडेतीन वर्षं आधी. सार्वमताचा निकाल लागला त्या दिवशी डॉलरच्या तुलनेत पौंड सुमारे ८ टक्क्यांनी घसरला. ब्रिटन आपल्या खाण्यातला मोठा हिस्सा बाहेरून आणतं. टोमॅटो स्पेनचा, चीज फ्रान्सचं, लोणी आयर्लंडचं. पौंड पडला की या सगळ्याची किंमत चढते, पण त्याच दिवशी चढत नाही. दुकानदाराचे जुने सौदे असतात, गोदामात माल असतो. काही महिन्यांनी पाकीट थोडं लहान होतं, किंमत थोडी वाढते, आणि ग्राहकाला वाटतं, महागाई काय, नेहमीचीच.

दुसरा फटका कागदांचा. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या अभ्यासकांनी २०२० आणि २०२१ या दोन वर्षांचा हिशेब मांडला. त्यांच्या अंदाजाने नव्या अडथळ्यांमुळे अन्नाच्या किमती सुमारे ६ टक्क्यांनी वाढल्या आणि सरासरी कुटुंबाला दोन वर्षांत २१० पौंड जास्त मोजावे लागले. सगळ्या देशाचा आकडा ५.८ अब्ज पौंड. आता २१० पौंड सुखवस्तू घराला जाणवत नाहीत. पण गरिबाच्या कमाईतला मोठा वाटा पोटावरच खर्च होतो, त्यामुळे हे ओझं खालच्या घरांवर जास्त पडलं. त्याच अभ्यासात दुसरी बाजूही आहे: बाहेरची स्पर्धा कमी झाल्याने देशातच विकणाऱ्या उत्पादकांना फायदा झाला. मात्र तो ग्राहकांच्या तोट्यापेक्षा कमी भरला.

बारीकसारीक गोष्टी यात आणखी मिळवा. महासंघात असताना ब्रिटिश माणूस स्पेनला गेला तरी फोन घरच्याच दरात चालायचा. करारात ती हमी राहिली नाही आणि बऱ्याच कंपन्यांनी रोमिंगचे पैसे पुन्हा लावले. फ्रान्सहून मागवलेल्या पार्सलवर करभरणी आणि हाताळणीचा खर्च येऊ लागला. तसंच भारतात शिवलेला शर्ट इंग्लंडच्या गोदामात आला आणि तिथून डब्लिनच्या गिऱ्हाईकाला पाठवला, तर त्यावर पुन्हा शुल्क. कारण शून्य शुल्क फक्त ब्रिटनमध्ये बनलेल्या मालाला आहे, आणि शर्ट इंग्लंडमध्ये नुसता टेकला म्हणून तो इंग्लिश होत नाही.

इथे एक सावधगिरी घ्यायला हवी. फेब्रुवारी २०२३ मध्ये ब्रिटनच्या दुकानांत टोमॅटो-काकडी मिळेना, माणशी दोन-तीन नग अशी मर्यादा लागली. अनेकांनी लगेच ब्रेक्झिटकडे बोट दाखवलं. मुख्य कारण होतं स्पेन आणि मोरोक्कोतली थंडी, आणि विजेचे दर वाढल्याने ब्रिटनमधल्याच काचघरांत कमी झालेली लागवड. करोना, युक्रेनचं युद्ध आणि ब्रेक्झिट हे सगळं एकावर एक आलं. प्रत्येक दुखण्याचं खापर एकावर फोडणं सोपं असतं, पण मग हिशेब चुकतो.

मासेमारी : समुद्र मिळाला, बाजार गेला

आता जुन्या धंद्यांकडे वळू. मासेमारीचा ब्रिटनच्या अर्थव्यवस्थेतला वाटा ०.१ टक्क्याच्या आसपास. २०१९ मध्ये साधारण १२,००० लोक समुद्रावर जाणारे. पण सार्वमताच्या प्रचारात या धंद्याला मान मोठा होता. ‘आमचा समुद्र आम्हाला परत द्या’ ही भावना किनाऱ्यावरच्या गावांत खोल होती. मासेमारीचं जुनं बंदर ग्रिम्सबी, तिथल्या परिसरात सुमारे ७० टक्के मतं बाहेर पडण्याच्या बाजूने गेली.

ही तक्रार खोटी नव्हती. महासंघाच्या नियमांत कोणत्या देशाने किती मासे पकडायचे हे जुन्या पकडीच्या प्रमाणात ठरलं होतं. इंग्लिश खाडीतल्या कॉड माशाचा कोटा घ्या: सुमारे ८४ टक्के फ्रान्सला, ९ टक्के ब्रिटनला. आपल्या दारातला मासा शेजारी नेतो, हे कोणत्या कोळ्याला आवडेल? पण ग्रिम्सबी आणि हलची पडझड सुरू झाली ती आइसलँडमुळे. आइसलँडने आपली हद्द २०० मैलांपर्यंत वाढवली आणि १९७६ मध्ये ब्रिटनला ते मान्य करावं लागलं. दूरच्या पाण्यात जाणारा मोठा ताफा तिथेच बसला. आणखी एक गोष्ट प्रचारात कुणी फारशी सांगितली नाही: देशाला मिळालेला कोटा आपल्या होड्यांमध्ये कसा वाटायचा, हे ब्रुसेल्स ठरवत नव्हतं, ब्रिटिश सरकारच ठरवत होतं. लहान होड्या संख्येने सगळ्यात जास्त, पण कोट्यात त्यांचा वाटा अगदी थोडा. दोष दूरच्याला दिला की घरातली वाटणी झाकली जाते.

करारात ब्रिटनला काय मिळालं? महासंघाच्या होड्या ब्रिटिश पाण्यात जेवढा मासा पकडत होत्या, त्याच्या किमतीच्या २५ टक्के कोटा साडेपाच वर्षांत टप्प्याटप्प्याने परत. त्यातला मोठा भाग बांगड्याच्या जातीचा मॅकरेल आणि हेरिंग. ते पकडणारी मोठी जहाजं मोजक्या कंपन्यांची. खेकडे आणि शेवंडाच्या जातीचं पकडणाऱ्या लहान होडीवाल्याला कोट्याची गरजच नव्हती. त्याला गरज होती बाजाराची.

आणि बाजार समुद्रापलीकडे होता. ब्रिटिश लोक खातात कॉड, हॅडॉक, सामन, ट्यूना, कोळंबी. यातलं बरंचसं बाहेरून येतं. ब्रिटिश होड्या पकडतात लँगुस्टीन, खेकडे, स्कॅलप, मॅकरेल. यातलं बरंचसं फ्रान्स-स्पेनला जातं. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर पकडलेला लँगुस्टीन रात्रभर प्रवास करून फ्रान्सच्या बाजारात ताजा, कधी जिवंत, पोचायचा. १ जानेवारी २०२१ नंतर त्याच मालाला आरोग्य प्रमाणपत्र, मासा कुठे आणि कोणत्या होडीने पकडला त्याचा दाखला, सीमाशुल्काचं घोषणापत्र, असे कागद लागू लागले. एका ट्रकमध्ये दहा-वीस जणांचा माल असतो. त्यातल्या एकाचा कागद चुकला की सगळा ट्रक थांबतो. आणि मासा थांबत नाही, तो नासतो. आपल्याकडे ससून डॉकवर किंवा मालवणच्या जेटीवर लिलाव पाहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. १८ जानेवारी २०२१ ला स्कॉटलंड आणि इंग्लंडचे मासळी व्यापारी आपले ट्रक घेऊन लंडनला पंतप्रधानांच्या कार्यालयाजवळ निषेधाला आले. करार लागू होऊन जेमतेम अडीच आठवडे झाले होते.

कालवं आणि शिंपल्यांची गोष्ट याहून कडू आहे. वेल्स आणि नैर्ऋत्य इंग्लंडच्या काही खाड्यांमधलं पाणी मध्यम प्रतीचं मानलं जातं. तिथले शिंपले खाण्याआधी स्वच्छ पाण्यात ठेवून शुद्ध करावे लागतात. पूर्वी ते जिवंत असेच युरोपात जायचे आणि तिथे शुद्ध व्हायचे. महासंघाचा नियम असा की बाहेरच्या देशातून असे अशुद्ध जिवंत शिंपले घ्यायचेच नाहीत. हा नियम ब्रिटनवर सूड म्हणून केलेला नव्हता. तो आधीपासून होता आणि ब्रिटन सदस्य असताना त्यालाही लागू करायचा होता. बाहेर पडल्यावर ब्रिटन स्वतः ‘बाहेरचा देश’ झालं, एवढंच. पण त्या दिवशी काही कुटुंबांचा पिढ्यांचा बाजार बंद झाला. शुल्क तेव्हाही शून्यच होतं.

तिसरी गोष्ट नॉर्वेची. फिश अँड चिप्स हा ब्रिटिशांचा आपल्या वडापावसारखा पदार्थ. त्यातला कॉड बराचसा उत्तरेच्या थंड पाण्यातला. महासंघ नॉर्वेशी देवाणघेवाण करायचा आणि त्यातून ब्रिटिश जहाजांना नॉर्वेच्या पाण्यात कोटा मिळायचा. बाहेर पडल्यावर ब्रिटनला हा सौदा स्वतः करावा लागला आणि २०२१ सालासाठी तो जमलाच नाही. हलचं ‘कर्केला’ हे मोठं जहाज, जे खास या माशासाठी दूर जायचं, त्याला बहुतेक काळ धक्क्याला राहावं लागलं. पुढच्या वर्षी करार झाला, पण कोटा थोडा. गटात असताना आपल्या बाजूने घासाघीस करायला सत्तावीस जण सोबत असतात, हे सोबत गेल्यावर कळतं.

शेती : कामगार, अनुदान आणि दूरचं कोकरू

शेतीत तीन गोष्टी एकाच वेळी बदलल्या.

एक, माणसं. स्ट्रॉबेरी तोडणारे, कत्तलखान्यात काम करणारे हात मोठ्या प्रमाणावर पूर्व युरोपातून यायचे. ती वाट बंद होण्याआधीच सरकारने हंगामी व्हिसा सुरू केला: २०१९ मध्ये २,५०० जणांसाठी, २०२१ पर्यंत ३०,००० जणांसाठी. त्या वर्षी कसायांची टंचाई एवढी झाली की वाढलेली निरोगी डुकरं ठेवायला जागा उरली नाही आणि शेतकऱ्यांना हजारो जनावरं शेतावरच मारून टाकावी लागली. मांस वाया गेलं.

या बंद झालेल्या वाटेवर आपली माणसंही होती. १९६१ च्या डिसेंबरआधी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांना पोर्तुगालचं नागरिकत्व मिळू शकतं. ते घेऊन अनेक गोमंतकीय कुटुंबं ‘युरोपीय नागरिक’ म्हणून ब्रिटनला गेली. स्विंडन आणि साउथहॉलमध्ये त्यांची मोठी वस्ती आहे. २०२० च्या अखेरीपर्यंत तिथे पोचलेल्यांना राहण्याचा हक्क अर्ज करून राखता आला. त्यानंतर साष्टीतून निघणाऱ्या भावाला तो पासपोर्ट लिस्बनला चालतो, लंडनला कामासाठी चालत नाही. व्यापारी गटाची भिंत अशी एका कुटुंबाच्या मधूनही जाते.

दोन, अनुदान. महासंघात शेतकऱ्याला जमिनीच्या क्षेत्रफळाप्रमाणे थेट पैसे मिळायचे. डोंगराळ भागातल्या मेंढपाळाचं घर बरंचसं त्यावरच चालायचं. इंग्लंडने ते पैसे २०२१ पासून कमी करत नेले आणि त्याऐवजी पर्यावरण जपण्याच्या कामाबद्दल मोबदला द्यायचं धोरण आणलं. विचार चांगला होता. जुनी पद्धत जास्त जमीनवाल्याला जास्त पैसे देणारी होती, आणि ती बदलण्याची मोकळीक बाहेर पडल्यामुळेच मिळाली. पण जुना नळ ठरल्या वेळी बंद होत गेला आणि नवा कधी सुरू, कधी बंद. मार्च २०२५ मध्ये एका मुख्य योजनेचे नवे अर्ज अचानक थांबवले गेले.

तीन, दूरचे करार. ब्रिटनने ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडशी केलेले करार ३१ मे २०२३ ला लागू झाले. त्यात गोमांस आणि कोकराचं मांस वाढत्या प्रमाणात शुल्काविना आणायची मुभा आहे. इथेच ब्रेक्झिटच्या प्रचारातली गाठ उघडी पडते. ग्राहकाला सांगितलं होतं, जगभरातून स्वस्त अन्न येईल. शेतकऱ्याला सांगितलं होतं, आपल्या शेतीला सांभाळू. अन्न स्वस्त झालं तर वेल्सचा मेंढपाळ मार खाणार, मेंढपाळाला सांभाळलं तर अन्न स्वस्त होणार नाही. दोघांनाही एकाच मतपत्रिकेवर ‘हो’ म्हणायला लावलं गेलं.

मार लहानावर का पडतो?

एक साधं गणित करू. समजा, एका खेपेच्या प्रमाणपत्रावर आणि कागदपत्रांवर २०० पौंड खर्च येतो. ट्रकमध्ये एकाच मालकाचा २० टन माल आहे. किलोमागे खर्च पडला एक पेनी, कुणाच्या लक्षातही येणार नाही. आता एखादी चीज बनवणारी बाई पॅरिसच्या दुकानाला २० किलोचं खोकं पाठवते. प्रमाणपत्र तेच, खर्च तोच २०० पौंड. किलोमागे पडले १० पौंड. धंदा संपला.

शुल्क टक्केवारीत असतं. लहानाला लहान, मोठ्याला मोठं. कागदाचा खर्च मात्र खेपेमागे ठरलेला असतो, माल कितीही असो. म्हणून शुल्काची भिंत सगळ्यांना सारखी लागते, आणि कागदाची भिंत लहानाला उंच, मोठ्याला ठेंगणी. पारंपरिक धंदे बहुतेक लहान असतात, त्यांचा माल नाशवंत असतो आणि त्यांच्याकडे कागद करायला वेगळा माणूस नसतो. मोठ्या कंपनीने नेदरलँड्समध्ये गोदाम घेतलं आणि प्रश्न सोडवला. मच्छीमार गोदाम कुठे घेणार?

वर आणखी एक गंमत. महासंघाने पहिल्या दिवसापासून ब्रिटिश मालाची पूर्ण तपासणी सुरू केली. ब्रिटनने आपल्या बाजूची तपासणी वारंवार पुढे ढकलली, कारण दुकानं रिकामी पडतील ही भीती. अन्नाची प्रत्यक्ष तपासणी सुरू झाली ती ३० एप्रिल २०२४ ला. म्हणजे तीन वर्षांहून अधिक काळ फ्रेंच चीजला इंग्लंडचं दार बरंचसं उघडं आणि इंग्लिश चीजला फ्रान्सचं दार अर्धं लोटलेलं.

जमेची बाजू

आता जमेची बाजू न मांडता उठलो तर ते व्याख्यान राहणार नाही, प्रचार होईल. महासंघाच्या नियमांमुळे ब्रिटनला सॅनिटरी पॅडवरचा कर पूर्ण काढता येत नव्हता. १ जानेवारी २०२१ ला तो निघाला. समुद्रपक्षी ज्यावर जगतात त्या सँडईल माशाची पकड इंग्लंड आणि स्कॉटलंडने २०२४ मध्ये आपल्या उत्तर समुद्रात बंद केली. २०२५ मध्ये अमेरिकेने शुल्क वाढवलं तेव्हा ब्रिटनच्या वाट्याला सर्वसाधारण १० टक्के आलं, महासंघाच्या वाट्याला १५. आणि २४ जुलै २०२५ ला भारत-ब्रिटन व्यापार करारावर सह्या झाल्या. ब्रिटन महासंघात असतं तर असा स्वतंत्र करार करताच आला नसता. त्यात स्कॉच व्हिस्कीवरचं आपलं शुल्क १५० टक्क्यांवरून आधी ७५ आणि दहा वर्षांत ४० टक्क्यांवर यायचं आहे, आणि आपल्या कपड्यांवरचं, कोळंबीवरचं शुल्क ब्रिटनमध्ये जायचं आहे.

फायदे खरे आहेत, पण त्यांचं वजन पाहू. पॅसिफिक देशांच्या गटात ब्रिटन डिसेंबर २०२४ मध्ये शिरलं. ब्रिटिश सरकारच्याच जुन्या अंदाजाने त्याने दीर्घकाळात राष्ट्रीय उत्पन्न ०.०८ टक्क्याने वाढेल. उलट ब्रिटनच्या अधिकृत अर्थसंकल्पीय संस्थेचा अंदाज असा की महासंघ सोडल्याने दीर्घकाळात उत्पादकता ४ टक्क्यांनी कमी राहील. शेजारी दहा मैलांवर असतो तेव्हा दहा हजार मैलांवरचा मित्र त्याची जागा भरून काढत नाही.

म्हणूनच १९ मे २०२५ ला लंडनमध्ये दोन्ही बाजू पुन्हा बसल्या. अन्न आणि जनावरांच्या तपासण्या कमी करणारा करार करायचं तत्त्वतः ठरलं. बदल्यात ब्रिटनने त्या क्षेत्रातले महासंघाचे नियम, ते बदलतील तसे, पाळायचे. आणि महासंघाच्या होड्यांना ब्रिटिश पाण्यात २०३८ पर्यंत प्रवेश. शिंपलेवाल्याला आशा वाटली, ट्रॉलरवाल्याला फसवल्यासारखं वाटलं. पूर्वी नियम करताना ब्रिटनचं मत धरलं जात होतं. आता नियम पाळायचे, मत मात्र नाही.

आपण यातून काय घ्यायचं?

हा प्रश्न आपल्या दारातही येतो. ४ नोव्हेंबर २०१९ ला बँकॉकमध्ये भारताने ‘आरसेप’ या आशियाई व्यापारी गटात न जाण्याचा निर्णय जाहीर केला. न्यूझीलंडच्या दुधापुढे आपला दोन-चार गाई-म्हशींचा शेतकरी टिकणार नाही, ही भीती त्यामागे होती. आत न जाणं आणि आत राहून बाहेर पडणं या वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या बाजारावर पन्नास वर्षं धंद्याची बांधणी झाली तो अचानक लांब जाणं जास्त दुखतं. पण दोन्ही वेळी विचारायचे प्रश्न तेच.

एक: ज्या धंद्याच्या नावाने हा निर्णय घेतला जातोय, तो आपला माल विकतो कुठे? घरच्या बाजारात विकत असेल तर भिंत त्याला आधार देईल. भिंतीपलीकडे विकत असेल तर तीच भिंत त्याच्या वाटेत येईल. दोन: शुल्काच्या पलीकडे कागद किती, आणि ते कुणाच्या गळ्यात? तीन: दोन वेगवेगळ्या लोकांना एकमेकांच्या विरुद्ध आश्वासनं दिली जात आहेत का?

शेवटी एका श्रोत्यांनी विचारलं, मग ब्रिटनने चूक केली असं म्हणायचं का? आमचं उत्तर असं: आपले नियम आपण करावेत असं एखाद्या देशाला वाटणं यात चूक काही नाही, आणि त्यासाठी किंमत मोजायची तयारी असेल तर तो त्याचा हक्क आहे. पण किंमत काय आणि ती कोण मोजणार, हे मत देण्याआधी सांगायला हवं होतं. ‘शून्य शुल्क’ ऐकून मासळीवाल्याला वाटलं, आपलं काही जाणार नाही. ट्रकमधला बर्फ वितळेपर्यंत त्याला कुणी सांगितलंच नाही की रांगेचा खर्च जकातीत धरलेला नसतो.